सत्तावीस अंशांचे प्रमाणपत्र

आमच्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर टिनाचे छप्पर आहे. काही वर्षांपूर्वी जुने पत्रे गंजून गेले म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले नवे पत्रे बसवले. ते गंजू नयेत आणि खाली ऊनही कमी लागावे म्हणून त्यांवर इपॉक्सीचा लेप द्यावा असे ठरले. विक्रेत्याने चाचणीचे प्रमाणपत्र दिले. भौतिकशास्त्राचा अध्यापक म्हणून ते माझ्याकडे तपासायला आले. लेपाची पत्र्यावरची पकड उत्तम, असे त्यात आकड्यांनिशी लिहिले होते. आकडे खोटे नव्हते. मी खाली सही केली.

लेप फेब्रुवारीत लावला. एप्रिल-मेमध्ये त्याची चकाकी थोडी उतरली, एवढेच. मग मृगाची पहिली सर आली आणि आठवड्याभरात लेपाचे पोपडे सायकलींच्या सीटवर पडू लागले. मुलांनी ते गोळा करून माझ्या टेबलावर आणून ठेवले. त्यांना माझ्या सहीविषयी काही माहीत नव्हते, पण मला होते!

प्रमाणपत्र पुन्हा काढून वाचले. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: चाचणीचे तापमान २७ अंश सेल्सिअस. पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांखालून ती ओळ गेली होती, पण डोक्यात शिरली नव्हती. चंद्रपूरला मे महिन्यात पहाटेदेखील २७ अंश मिळत नाहीत. मे २०१९ मध्ये इथे सावलीतला पारा ४८ अंशांपर्यंत गेला होता. आणि सावलीतला पारा म्हणजे छपराचे तापमान नव्हे. गडद रंगाचा पत्रा नवतपाच्या दुपारी ६५ ते ७० अंशांपर्यंत सहज तापतो.

यात मानकांचा दोष नाही. भारतीय मानकांत अनेक चाचण्यांसाठी २७ अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता ठरवून दिलेली आहे. युरोपात २३ अंश आणि ५० टक्के घेतात. मुंबईच्या प्रयोगशाळेतला आकडा कोलकात्याच्या आकड्याशी ताडून पाहता यावा, म्हणून असा एक ठरावीक मुक्काम लागतोच. दोन लेपांत सरस कोणता हे त्यावरून कळते. तो लेप तुमच्या छपरावर टिकेल की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. तुलनेसाठी काढलेल्या आकड्याला आपण हमी समजतो, ही चूक वाचणाऱ्याची आहे. माझी होती.

आता इपॉक्सी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. दातांच्या कवळ्यांसाठी नवे साहित्य शोधताना स्विस रसायनज्ञ पियेर कास्तान यांनी १९३० च्या दशकात ही राळ तयार केली. पुढे सिबा कंपनीने तिच्यापासून चिकटवण्याचा पदार्थ बनवला आणि १९४६ मध्ये बासेलच्या प्रदर्शनात मांडला. दोन नळ्यांतून येणारे अ‍ॅरल्डाइट तुम्ही घरी पाहिले असेल. एका नळीत राळ, दुसरीत हार्डनर. दोन्ही मिसळल्यावर रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात आणि त्यांचे घट्ट जाळे तयार होते. हे जाळे पुन्हा वितळत नाही. मात्र वितळत नाही म्हणजे मऊ होत नाही असे नाही. प्रत्येक इपॉक्सीला एक तापमान असे असते की त्याच्या खाली ती काचेसारखी ताठ असते आणि त्याच्या वर चामड्यासारखी लवचिक होते. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. भट्टीत तापवून घट्ट केलेल्या इपॉक्सीत ते १०० अंशांच्या बरेच वर नेता येते. म्हणून तर मोठ्या जनित्रांच्या तारांभोवती अभ्रक आणि इपॉक्सी यांचे वेष्टन चालते. आपल्या दुर्गापूरच्या औष्णिक केंद्रातल्या ५०० मेगावॅटच्या संचांएवढी जनित्रे डोळ्यांसमोर आणा. पण साध्या हवेत, भट्टीशिवाय सुकणाऱ्या इपॉक्सीत हे तापमान बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास असते. नाव एकच, पण वागणूक वेगळी. आमचे छप्पर रोज दुपारी ही रेषा ओलांडत होते आणि रोज रात्री परत येत होते.

विळ्याची मूठ बसवणाऱ्या लोहाराला हे सारे ठाऊक असते. आपल्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर लाखेचे किडे लाख तयार करतात. लोहार लाकडी मुठीच्या भोकात लाखेची भुकटी भरतो, विळ्याचे शेपूट तापवून आत दाबतो आणि निवू देतो. मूठ पक्की बसते. तोच विळा चुलीजवळ राहिला तर मूठ हलू लागते, आणि तो विळा आणणाऱ्याला लोहार पहिला प्रश्न विचारतो, “विस्तवाजवळ ठेवला होता काय?” चिकटलेल्या वस्तूला तापमान विचारल्याशिवाय तो मत देत नाही. मी सही करताना हा प्रश्न विचारायला हवा होता.

आता पत्र्यावर काय घडले ते पाहू. रेषीय प्रसरणांक तुम्ही शाळेत शिकता. वाफेच्या नळीतली पितळी कांडी, सूक्ष्ममापी स्क्रू आणि वहीत उतरलेले उत्तर! त्या धड्याचा खरा उपयोग इथे आहे. पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे १२ दशलक्षांश, तर इपॉक्सीचा ५० ते ८० दशलक्षांश. आपण ६० धरू. तापमान ४० अंशांनी वाढले तर १ मीटर लांबीचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो. त्यावरच्या लेपाला मात्र २.४ मिलिमीटर वाढायचे असते. लेप पातळ, पत्रा जाड आणि ताठ, म्हणून पत्रा सांगेल तेवढेच लेपाला वाढता येते. उरलेले सुमारे १.९ मिलिमीटर लेप मनात ठेवतो, म्हणजे ताणाच्या रूपाने साठवतो.

दुपारी लेप मऊ झाला की हा ताण बराचसा ओसरतो. खरा घोटाळा निवताना होतो. पत्रा ६५ अंशांवर तापलेला असताना मृगाची सर कोसळते आणि काही मिनिटांत तो २५ अंशांवर येतो. ५५ अंशांखाली लेप पुन्हा ताठ होतो. तिथून पुढच्या ३० अंशांत त्याला पत्र्यापेक्षा चारपट-पाचपट आकसायचे असते, पण पत्रा आकसू देत नाही. इपॉक्सीचा यंग गुणांक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०,००० किलोग्रॅम. त्याला ४८ दशलक्षांश आणि ३० अंश यांनी गुणा. उत्तर येते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ किलोग्रॅम. ही ओढ पृष्ठभागाला समांतर असते, म्हणून ती लेपाच्या पकडीशी थेट तोलता येत नाही. पण जिथे कड आहे, खिळ्याचे भोक आहे किंवा ओरखडा आहे, तिथे ती लेपाला वर उचलू पाहते. माझ्या टेबलावरच्या पोपड्यांपैकी बहुतेकांना एक बाजू सरळ होती. ते पत्र्याच्या कडेचे आणि खिळ्यांभोवतीचे पोपडे होते.

पोपडा हाती लागला की आधी त्याची पाठ पाहावी. हे कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय जमते आणि पुष्कळ सांगून जाते. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना धरून राहतात ते आसंजन. एकाच पदार्थाचे कण एकमेकांना धरून राहतात ते संसंजन. पोपड्याच्या पाठीवर आणि पत्र्यावर दोन्हीकडे लेपाचे अवशेष दिसले तर लेप आतूनच फाटला, म्हणजे संसंजन हरले. पाठ स्वच्छ आणि खालचा पत्राही स्वच्छ असेल तर आसंजन हरले. आमच्या पोपड्यांची पाठ आरशासारखी गुळगुळीत होती. नव्या पत्र्यावरचा जस्ताचा थर तसाच गुळगुळीत असतो, त्यावर कारखान्यातला तेलकटपणाही असतो. तो घासून, धुऊन, योग्य अस्तर देऊन मगच लेप लावायचा असतो. ते केले गेले नव्हते. म्हणजे उन्हाने केवळ दोष उघड केला. दोष मूळचा होता. आणि २७ अंशांवर तो दोष वर्षभरही लपून राहिला असता.

‘खाली ऊन कमी लागेल’ या दुसऱ्या आश्वासनाचे काय? इपॉक्सीची उष्णतावाहकता पोलादाच्या तुलनेत खरोखरच फार कमी आहे, सुमारे अडीचशेपट कमी. विक्रेते हाच आकडा पुढे करतात. पण उष्णता अडते ती वाहकता आणि जाडी या दोहोंवर. लेप ०.२ मिलिमीटर जाडीचा, आणि छपरातून दर चौरस मीटरला ५०० वॅट उष्णता खाली येते असे धरा. लेपाच्या वरच्या आणि खालच्या बाजूंच्या तापमानांत फरक पडतो अर्ध्या अंशाचा! जुन्या घरांवरच्या कवेलूंची जाडी आणि त्यांच्यामधली हवा याहून कितीतरी अधिक काम करते. लेपाने ऊन कमी लागायचे असेल तर ते त्याच्या रंगामुळे. पांढरा लेप सूर्यप्रकाश परत पाठवतो, राखाडी लेप तो गिळतो. आम्ही राखाडी निवडला होता, मळत नाही म्हणून. शिवाय उघड्या उन्हात अतिनील किरणांनी इपॉक्सीच्या पृष्ठावर खडूसारखी भुकटी धरते, म्हणून बाहेरच्या कामात तिच्यावर दुसऱ्या जातीच्या रंगाचा हात द्यावा लागतो. चकाकी उतरली होती ती यामुळेच.

सायकल स्टँडचे पोपडे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट आहे. बॉस्टनची गोष्ट तशी नाही. अमेरिकेतल्या या शहरात भूमिगत रस्त्याच्या छताला काँक्रीटच्या जड फरशा लोखंडी बोल्टांनी टांगल्या होत्या, आणि ते बोल्ट छताच्या भोकांत इपॉक्सीने बसवले होते. बसवल्यानंतर प्रत्येक बोल्ट ओढून पाहिला होता. चाचणीत बोल्ट उतरले होते, पण ती ओढ थोड्या वेळाची होती. १० जुलै २००६ च्या रात्री सुमारे २६ टन वजनाच्या फरशा खालून जाणाऱ्या मोटारीवर कोसळल्या आणि एक स्त्री मृत्यू पावली. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. वापरलेली इपॉक्सी लवकर सुकणाऱ्या जातीची होती. ती थोडा वेळ मोठा भार पेलू शकत होती, पण सततच्या भाराखाली हळूहळू सरकत होती. बांधकाम चालू असतानाच काही बोल्ट सरकलेले दिसले होते, पण त्याचा अर्थ कोणी नीट लावला नाही. इथे उन्हाचा प्रश्न नव्हता, वेळेचा होता. चाचणीत विचारलेला प्रश्न आणि प्रत्यक्षात पडलेला प्रश्न वेगळे होते. अशी सरक तापमानाबरोबर वाढते, हे आपल्या भागात विसरून चालणार नाही.

गडचिरोलीकडे गेलात की उन्हाच्या जोडीला ओल येते. (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता, पण जंगल वाढत जाते तसा पावसाळा वेगळा होत जातो.) दमट हवेत इपॉक्सी सुकत असताना हार्डनरमधील काही भाग हवेतील बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि पृष्ठावर मेणचट थर येतो. त्यावर दुसरा हात दिला तर तो त्या थरावर बसतो, पहिल्या हातावर नाही. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील बेटांना जोडणाऱ्या पुलांत इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळ्या वापरल्या होत्या. १९८६ मध्ये, म्हणजे पूल बांधून दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, त्या गंजलेल्या आढळल्या. लेपाची पकड सुटली होती. तिथे समुद्राचे खारे पाणी होते, आपल्याकडे ते नाही. पण गरम आणि ओले या जोडीने पकड सुटते ही गोष्ट समुद्रापुरती नाही. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने दर पावसाळ्यात रस्ता बंद पडतो. अशा ठिकाणच्या पुलाच्या कठड्यावर किंवा पाण्याच्या टाकीवर लेप द्यायचा, तर तो कोणत्या हवेत सुकवून तपासला हे विचारण्याचा हक्क तिथल्या लोकांना आहे. खर्च त्यांच्याच नावावर पडतो.

माझे म्हणणे असे, की हा प्रश्न विचारण्याचे शिक्षण शाळेत मिळाले पाहिजे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांना त्यासाठी देवाने फुकट भट्टी दिली आहे. आमचे काही सहकारी म्हणतात की असल्या चाचण्या प्रयोगशाळांचे काम, मुलांच्या हाती त्या देऊन काय मिळणार? त्यांचे निम्मे बरोबर आहे. शाळेत निघालेला आकडा कोणी करारात घालणार नाही. पण प्रयोगशाळेचा आकडा वाचायचा कसा, हे एकदा स्वतः चाचणी केल्याशिवाय समजत नाही. मी एम.एस्सी. होऊनही मला समजले नव्हते.

करायचे ते असे. जस्ताच्या पत्र्याचे हाताच्या पंजाएवढे चार तुकडे घ्या. दोन पॉलिश पेपरने घासून साबणाने धुवा व कोरडे करा. दोन आहेत तसेच ठेवा. प्रत्येकाच्या दोन कडांना चिकटपट्टीचे चार-चार थर द्या, म्हणजे त्यांच्या मधोमध जुन्या पोस्टकार्डाने ओढलेला लेप सगळीकडे सारख्या जाडीचा येईल. इपॉक्सी सावकाश सुकणारी घ्या. हातमोजे घाला, काम उघड्या हवेत आणि शिक्षकांच्या देखत करा. हार्डनर कातडीला झोंबतो. सात दिवस सावलीत सुकू द्या. मग घासलेला एक आणि न घासलेला एक असे दोन तुकडे खोलीत ठेवा, उरलेले दोन छपरावर. छपरावरच्या तुकड्याखाली थर्मामीटरचा फुगा मातीच्या गोळ्याने दाबून बसवा आणि रोज दुपारी २ वाजता तापमान लिहा. वाचन झाले की त्या दोन तुकड्यांवर माठातले तांब्याभर पाणी ओता. तो तुमचा मृग. पंधरा दिवसांनी चारही तुकडे सावलीत निवू द्या. ब्लेडने तीन-तीन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा पत्र्यापर्यंत मारा. पंचवीस चौकोन होतील. त्यांवर चिकटपट्टी दाबून झटक्यात उपटा आणि किती चौकोन गेले ते मोजा. प्रयोगशाळेतली चाचणीही याच तत्त्वावर चालते. गंमत अशी की आंतरराष्ट्रीय पद्धतीत ० हा गुण सर्वोत्तम, आणि अमेरिकी पद्धतीत ५ हा सर्वोत्तम. कोणती पद्धत ते न पाहता प्रमाणपत्र वाचणारा नापास लेपालाही शाबासकी देईल.

बॉस्टनचा प्रयोगही छोट्या प्रमाणावर करता येतो. पत्र्याच्या दोन पट्ट्या टोकाशी फक्त अर्धा सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद एवढ्याच भागावर चिकटवा. जोडाच्या कडेवरून दोन्ही पट्ट्यांवर मिळून एक बारीक सरळ रेघ ओढा. सात दिवसांनी जोड उभा टांगून खाली १० लिटर पाण्याची बादली अडकवा. एक संच सावलीत, एक उन्हात. बादली जमिनीपासून चार बोटेच वर ठेवा आणि खाली वाळू पसरा. रोज भिंगातून रेघ पाहा. रेघ जोडाशी तुटून दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले तर ती सरक मोजा. तिथे बादली पडण्याची वाट पाहण्याची गरज नाही. बॉस्टनच्या बोल्टांची हीच रेघ कोणी वाचली नाही.

एकाच अडचणीला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. विदर्भात नवतपाच्या दिवसांत शाळा बंद असतात आणि जून संपत आला की उघडतात. म्हणजे खरी चाचणी घेणारे ऊन आणि मृगाची सर, दोन्ही सुटीत येऊन जातात. आम्ही महाविद्यालयात तूर्त असे करतो, की तुकडे एप्रिलमध्येच छपरावर ठेवायचे आणि गावातच राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांकडे नोंदवही द्यायची. गेल्या वर्षीच्या वहीत २६ मेपासून चार दिवस कोरे आहेत आणि समोर लिहिले आहे, “मामाकडे लग्न.” शिक्षकांपैकी कोणाला याहून चांगली सोय सुचली असेल तर मासिकाकडे जरूर लिहून पाठवावी.